धुंधुरमासातला हीटर

तुमचा मासा आजारी पडला तेव्हा मी तुम्हाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं की माझंच कुठेतरी चुकलं. त्या वेळी मला ते खरंच वाटत होतं. तसं नव्हतं, हे नंतर कळलं. जे कळलं ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहून काढते आहे. तुम्ही दोघं मराठी वाचताना अडखळता हे मला माहीत आहे. तुमचे बाबा वाचून दाखवतील. त्यांनीही हे ऐकलेलं बरं.

बेंगळूर सोडताना जे. पी. नगरचं घर तुम्ही रिकामं केलंत त्या दुपारी मासा आमच्याकडे आला. बाकी सगळं पेट्यांत गेलं होतं. टाकी धाकट्याच्या मांडीवर होती, पाणी निम्मं काढलेलं, आणि मासा थोरलीच्या हातात, झाकणाला भोकं पाडलेल्या लोणच्याच्या बरणीत. बनशंकरीला आमच्या दारात उतरलात तेव्हा दोघांचे आवाज बसले होते. प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरवर ओरडत आलात, असं तुमची आई म्हणाली. निळा मासा, शेपटी ओढणीसारखी, आणि स्वभाव असा की दुसरा मासा शेजारी चालत नाही. त्याला तुम्ही इतकी नावं ठेवली होती की मी शेवटपर्यंत त्याला नुसतं मासाच म्हणत आले.

थोरली म्हणाली, "अज्जी, आम्ही सुट्टीत येऊ तेव्हा तो इथंच पाहिजे. असाच. प्रॉमिस?"

मी म्हणाले, "प्रॉमिस."

मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवत आयुष्य काढलं. मुलांना दिलेला शब्द हलक्याने घेऊ नये, हे मी नव्या शिक्षिकांना सांगत असे. तुम्ही गेल्यावर घरात तुमचं म्हणावं असं जिवंत तेवढंच उरलं होतं. मी त्याचं सगळं वेळेवर करत होते. दाणे मोजून, पाणी आठवड्याला थोडंथोडं बदलून, आणि नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवून.

पावसाळा नीट गेला. दिवाळीनंतर मात्र सकाळी फरशीवर पाय ठेववेना. आपल्या बेंगळूरकरांना आपल्या हवेचा फार अभिमान. पंखा लागत नाही, एसी लागत नाही, हे पाहुण्यांना सांगताना आपली मान ताठ होते. पण हा मासा उष्ण देशातल्या भातखाचरांचा. त्याला पाणी सव्वीस अंशांच्या आसपास लागतं. लहान टाकीतलं पाणी खोलीबरोबर पटकन निवतं, मोठ्या टाकीसारखी ऊब धरून ठेवत नाही. मी हे सगळं वाचलं आणि तुमच्याच जुन्या दुकानात हीटर आणायला गेले.

दुकानदार कन्नडमध्ये म्हणाला, "अम्मा, बेंगळूरात कोण हीटर लावतं? नुसतं झाकण ठेवा."

मी म्हटलं, "तुमच्या दुकानातल्या टाक्यांना लावलेत की!"

"त्यांतले मासे विकायचे आहेत, अम्मा," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला.

हीटर म्हणजे बोटाएवढ्या जाडीची काचेची नळी, आत बारीक तार गुंडाळलेली. वर तापमान ठरवायचं छोटं चाक आणि एक लाल दिवा. पाणी ठरवल्याइतकं तापलं की दिवा विझतो, निवलं की पुन्हा लागतो. मी तो रबरी चकत्यांनी मागच्या काचेला बसवला, थर्मामीटर समोरच्या टोकाला लावला. दोन्ही शेजारी लावले तर थर्मामीटर हीटरचं तापमान सांगतो, पाण्याचं नाही. वायर आधी खाली सोडून मग वर बोर्डाकडे नेली, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी खालीच ठिपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. हे सगळं मी करत असताना तुमचे अज्जा सोफ्यावर पेपर धरून बसले होते. वाचत नव्हते.

"पाण्यात रॉड सोडून रात्रभर झोपायचं?"

"रॉड नाही हो तो. तार बंद काचेत आहे. तापमान झालं की आपोआप बंद होतो."

"आपोआप बंद होणाऱ्या वस्तू आपोआप चालूही होतात."

"तुमच्या बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

"मग? काय खोटं होतं?"

मी त्यांना सोबतचा कागद वाचून दाखवला. इंग्रजीतून वाचला, मग मराठीतून सांगितला. दिवसा चालू आणि रात्री बंद असं केलं तर ते हीटर नसण्यापेक्षा वाईट, हेही सांगितलं. पाणी एकसारखं थंड असेल तर मासा कसाबसा निभावून नेतो, पण रोज गरम-थंड, गरम-थंड झालं की त्याची ताकद जाते आणि रोग धरतो. माझं बोलणं बराच वेळ चाललं असावं. शेवटी त्यांनी पेपरची घडी केली.

"सरी, बरं," ते म्हणाले. "तू म्हणशील तसं."

हे वाक्य तुम्ही त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं आहे. तुम्हाला त्याचं हसू यायचं. मला मात्र त्या वाक्याचा मोठा आधार होता. माझ्या मैत्रिणींचे नवरे वाद घालायचे, अबोला धरायचे. माझा नवरा आपली बाजू एकदा सांगायचा आणि मग माझं ऐकायचा. मी त्याला समजूतदारपणा म्हणत असे.

आमच्या घरात लग्नापासून एक वाटणी आहे. दिवस माझा, रात्रीचं घर बंद करणं त्यांचं. झोपायच्या आधी ते फेरी मारतात. गॅसचा नॉब, गीझर, पाण्याची मोटर, बाल्कनीची कडी, पुढचं दार. मी अंथरुणात पडून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकते, तो आवाज दारापाशी थांबला की मला झोप लागते. त्यांच्यामागून उठून मी कधी एक कडीसुद्धा तपासली नाही. पहाटे आधी उठतात तेही तेच. कॉफीचं डिकॉक्शन घालतात, दूध तापवतात, आणि मग मला हाक येते. मी अंघोळ, पूजा आटोपून टाकीपाशी जायचे. तोपर्यंत ऊन खिडकीत आलेलं असायचं. थर्मामीटर पाहायचे, दाणे घालायचे. संध्याकाळी दिवा लावल्यावर पुन्हा पाहायचे. दोन्ही वेळा काटा जवळपास जागेवर असायचा. सकाळी कधी किंचित कमी दिसायचा, पण मी म्हणायचे, थंडीच आहे तेवढी.

आणि तरी मासा आजारी पडला. आधी शेपटी मिटून तळाशी बसू लागला. मग दाणे तोंडात घेऊन थुंकू लागला. मग एक दिवस भिंग घेऊन पाहिलं तर अंगावर बारीक रव्यासारखे पांढरे कण. पुस्तकात पहिलंच कारण लिहिलेलं, तापमानातले चढउतार. ते मी बाजूला सारलं, कारण आमच्याकडे हीटर होता. ही माझी शास्त्रीय बुद्धी. मग उरलेली सगळी कारणं मी स्वतःत शोधली. हाताला साबण राहिला असेल. खडे धुताना चोळले असतील. पाणी एक दिवस कमी मुरवलं असेल. मी टाकीत हात घालण्यापूर्वी तीन पाण्यांनी हात धुऊ लागले. खास मासेवाल्यांचं मीठ आणलं. कोपऱ्यावरच्या बदामाच्या झाडाची वाळलेली पानं या माशांना मानवतात असं वाचलं, ती वेचून आणून, धुऊन, पाण्यात सोडली. झाडाखाली वाकलेली पाहून इस्त्रीवाला म्हणाला, "अज्जी, होळीला अजून वेळ आहे."

तुमचा रविवारचा फोन आला. मी तुम्हाला कण दाखवले. धाकटा रडवेला झाला. थोरलीने विचारलं, "अज्जी, टेम्परेचर बरोबर ठेवलंयस ना?" मी म्हटलं, "ठेवलंय गं, पण माझंच काहीतरी चुकतंय."

तेव्हा अज्जा पडद्यात डोकावले आणि म्हणाले, "अज्जीला रागावू नका हं. तिला हल्ली बारीक आकडे नीट दिसत नाहीत. वय झालं की होतं."

तुम्हाला आठवत असेल. किती मायेने म्हणाले. तुम्ही लगेच म्हणालात, "इट्स ओके, अज्जी." मला ते "इट्स ओके" रात्रभर टोचलं. मुलांनी मला माफ करावं असं मी काही केलं आहे, आणि काय केलं आहे ते मला कळत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी डोळे तपासून घ्यायचं ठरवलं. अज्जा बरोबर आले. बाहेरच्या बाकावर माझी पर्स मांडीवर घेऊन बसले. डॉक्टरणीने सगळ्या ओळी वाचून घेतल्या आणि म्हणाली, "नंबर तोच आहे. बारीक अक्षर छान वाचता तुम्ही." मी बाहेर येऊन सांगितलं, नंबर बदललेला नाही. ते म्हणाले, "असं का? बरं झालं." मग मला शेजारच्या दर्शिनीत, उभ्याने खायच्या हॉटेलात, नेलं, एकीची दोघांत बाय-टू कॉफी घेतली, आणि आपल्या वाट्यातली स्वल्प माझ्या पेल्यात ओतली. मला वाटलं, माझा जीव वरखाली होतोय तो यांना कळतोय. तसा तो कळतच होता, म्हणा.

त्यानंतर हुबळीला त्यांच्या पुतण्याची वास्तुशांत निघाली. माशाला टाकून मी जाणार नव्हते. ते एकटे गेले. ते नव्हते तेवढे दिवस रात्रीची फेरी मी मारली. पुढचं दार, गॅस, गीझर. टाकीच्या बोर्डावर दिवा, पंप आणि हीटर अशी तीन बटणं आहेत. मी दिवा बंद करायचे, बाकीची दोन तशीच. आणि मासा सुधारला. शेपटी उलगडली, वर येऊन दाणे मागू लागला, कण विरळ झाले. मी आनंदाने तुम्हाला निरोप पाठवला, बदामाच्या पानांनी गुण दिला. सोसायटीतल्या दोघींना पानं नेऊनही दिली, मासे नसताना. ठेवा म्हटलं, कधी लागतील.

अज्जा परत आले. आठवडा गेला नसेल, मासा पुन्हा तळाशी. मी पानं वाढवली. पाणी चहासारखं झालं. अज्जा टाकीकडे पाहून म्हणाले, "आता साखर घातलीस की झालं."

मी हसले. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त तेच लागतं, मी हसले होते.

आता धुंधुरमासाचं सांगते. तुम्ही आमच्याकडे राहायचात तेव्हा झोपेतून उठवून तुम्हाला खिचडी खायला बसवायची ती हीच गोष्ट. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत एक दिवस सूर्य उगवायच्या आत स्वयंपाक करून, नैवेद्य दाखवून, जेवायचं. मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी, तिळाची चटणी, वांग्याचं भरीत. आपली घरं पिढ्यान् पिढ्या या मुलखात आहेत, शेजारच्या देवळात याच दिवसांत पहाटे हुग्गी, म्हणजे मुगाचा मऊ भात, वाटतात, पण आपल्याकडे खिचडी ती खिचडीच. वर्षातला तो एकच दिवस की ज्या पहाटे मी अज्जांच्या आधी उठते. तुम्ही इथं नाही म्हटल्यावर यंदा करायचं की नाही, असं मनात आलं होतं. मग म्हटलं, करावं, आणि त्यांना सांगितलं नाही. कॉफीला हाक मारायला येतील तेव्हा पाट मांडलेला दिसेल, अशी गंमत.

हॉलमध्ये अंधार होता, पंपाची घरघर चालू होती. स्वयंपाकघराकडे जाताना मी सवयीने टाकीकडे पाहिलं. लाल दिवा नव्हता. मला वाटलं, पाणी पुरेसं गरम असेल म्हणून विझला असेल. हात लावला तर काच गार. मोबाइलच्या उजेडात थर्मामीटर पाहिला. काटा विसाच्या खाली होता, आणि माझ्या डोळ्यांचा नंबर तोच होता. मग बोर्ड पाहिला. हीटरचं बटण बंद.

पहिल्यांदा वाटलं, फेरीत दिव्याबरोबर चुकून दाबलं गेलं असेल. मी बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. स्वयंपाकघरात जाऊन डाळ-तांदूळ धुतले, कुकर लावला, ओट्यापाशी उभी राहिले. कुकरची शिटी व्हायच्या आत बेडरूमचं दार वाजलं.

ते कानटोपी घालून, शाल घेऊन बाहेर आले. स्वयंपाकघराकडे पाहिलंही नाही, सरळ टाकीपाशी गेले. न चाचपडता बटण दाबलं. लाल दिवा लागला. मग कमरेत वाकून काचेवर बोटाने टकटक केली आणि म्हणाले, "उठा, साहेब. मालकीणबाई यायच्या आत गरम व्हा."

चुकून दाबलेलं बटण कोणी असं लावत नाही. हा रोजचा रिवाज होता, त्याला रोजचं वाक्यसुद्धा ठरलेलं होतं.

कुकरची शिटी झाली. ते दचकून वळले.

"तू उठलीस?"

"धुंधुरमास आहे."

"हां," ते म्हणाले. "हां, खरंच की."

"रोज रात्री बंद करता?"

त्यांनी कानटोपी काढली, पुन्हा घातली. "पाण्यात करंट चालू ठेवून मला झोप लागत नाही गं."

"मग सांगायचं होतं."

"सांगितलं की. पहिल्याच दिवशी."

"आणि मग म्हणालात, तू म्हणशील तसं."

"तू थांबतच नव्हतीस म्हणून म्हणालो."

मी गॅस बंद केला. "मासा कशाने आजारी पडला ते माहीत होतं तुम्हाला. मीच वाचून दाखवलं होतं, दोन भाषांत."

"एवढ्याने होईल असं वाटलं नव्हतं. रात्रीपुरता तर प्रश्न. पहाटे लावतच होतो ना मी?"

"मी तीन पाण्यांनी हात धूत होते. पानं वेचत होते. माझे डोळे तपासायला बरोबर आलात तुम्ही!"

"तपासलेले काय वाईट असतात?"

"बाकावर माझी पर्स घेऊन बसला होतात. तेव्हा काय वाटत होतं मनात?"

त्यांनी शाल घट्ट ओढून घेतली. मग म्हणाले, "वाटत होतं, नंबर वाढलेला निघावा."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे. त्यांनी खोटं सांगितलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

सूर्य उगवायच्या आत जेवण झालं नाही. नैवेद्य मी दाखवला, उजाडल्यावर. ते पाटावर बसले, मी वाढलं, लोणी वाढलं. त्यांनी नेहमीसारखं "खिचडी छान" म्हटलं आणि त्या बोलण्यावर मला विश्वास ठेवावा की नाही हे कळेना. खिचडीला मीठ कमी होतं.

मला माहीत आहे, तुम्हाला वाटेल, एका बटणाचं एवढं काय. तुमचे बाबाही हेच म्हणतील. बटणाचं मला काहीच नाही. त्यांना भीती वाटत होती तर आपण खोलीतच दुसरी सोय केली असती, टाकीला जुनी रजई गुंडाळली असती, दिवसाही हीटर लावला नसता. मी चुकतच नाही असं माझं म्हणणं नाही. पण मी माझ्याच घरात स्वतःला वेंधळी, म्हातारी, आंधळी समजत फिरत होते, आणि ज्या माणसाला खरं माहीत होतं तो मला कॉफी पाजत होता. त्यानंतर मला त्यांची जुनी "तू म्हणशील तसं" आठवू लागली. हे घर घेताना म्हणाले होते. तुमच्या बाबांची शाळा ठरवताना म्हणाले होते. माझ्या आईचं वय झालं तेव्हा तिला इकडे आणू या, असं मी म्हटलं, तेव्हाही म्हणाले होते. खोली रंगवून झाली आणि अचानक माझ्या भावाचा फोन आला, की आई आमच्याकडेच राहील, तू काळजी करू नकोस. त्या फोनच्या आधी भावाला कोणाचा फोन गेला होता का, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर आता खरं उत्तर मिळेल, असं वाटतं. म्हणूनच विचारवत नाही.

हीटर त्या दिवसापासून रात्रंदिवस चालू ठेवला. चाक आधी खाली आणलं, मग रोज थोडंथोडं वाढवलं, जसं वाढवायला हवं तसं. काटा रात्रीही खाली आला नाही. मासा दोनदा वर आला, एकदा अर्धा दाणा खाल्ला. मला आशा वाटली होती. मग एका सकाळी तो पंपाच्या मागे आडवा होता. कढीपत्त्याच्या कुंडीत त्याला पुरलं. अज्जांनी माती उकरून दिली.

मी त्यांना एकच सांगितलं. "मुलांना तुम्ही सांगा. खरं काय ते."

ते म्हणाले, "सांगतो." निदान त्या वेळी दुसरं काही म्हणाले नाहीत.

रविवारी तुम्ही पडद्यावर आलात. मासा गेला हे त्यांनी सांगितलं. धाकटा उठून गेला. थोरली म्हणाली, "पण कशाने?" मी अज्जांकडे पाहिलं. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "अगं, रात्री करंट जायचा इथं. हीटर बंद पडायचा, आम्हाला कळायचं नाही."

थोरली म्हणाली, "पण अज्जा, टाकीचा प्लग यूपीएसवर आहे ना? बाबांनीच बसवून दिला होता."

"यूपीएसची बॅटरी जुनी झालीय," ते म्हणाले.

बॅटरी नवीच आहे. थोरलीने अज्जांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मला ओळखता आली. वर्गात एखादं उत्तर पटलं नाही की हुशार मुली बाईंकडे तशाच पाहतात. मुलांच्या देखत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, असं मला माझ्या घरी शिकवलं होतं. मी गप्प बसले. फोन बंद झाल्यावर ते म्हणाले, "लहान आहेत. कशाला त्यांच्या मनात किल्मिष?" मी म्हटलं, "माझ्याबद्दल होतं तेव्हा चाललं."

म्हणून हे लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांच्यापुढे ठेवलं, कारण त्यांच्या पाठीमागे पाठवायचं नव्हतं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. माझ्या आईच्या ओळीपाशी थांबले, हे मला दिसलं. मग पुढचं पान उलटलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "पाठव. पण एक वाक्य घाल. मी बटण बंद करायचो ते माझ्यासाठी नव्हे. तुला झोपेतून उठून टाकीत हात घालायची सवय आहे. एखाद्या पहाटे हीटरची काच तडकलेली असली आणि तू हात घातलास तर, या भीतीने करायचो. म्हणून तू उठायच्या आत मी तिथं असायचो."

वाक्य घातलं आहे. ते खरं असू शकेल. मी एखाद-दोनदा अंघोळीआधीच, झोपाळलेल्या डोळ्यांनी, पान सरळ करायला टाकीत हात घातला होता, हेही खरं. पण त्या धुंधुरमासाच्या सकाळी मी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते की त्यांना झोप लागत नाही. माझं नावही घेतलं नव्हतं. दोन्ही कारणं खरी असतील, एखादंच असेल, किंवा दुसरं त्यांना हे वाचता वाचता सुचलं असेल. पूर्वी ते काही बोलले की मी ते ऐकून पुढच्या कामाला लागायचे. आता प्रत्येक वाक्यापाशी थांबून ठरवावं लागतं, आणि मला ते अजून जमत नाही.